तोल आणि खेळ

पडद्यासमोर बसून खेळणाऱ्या मुलांस आम्ही शिक्षक आजवर एकच गोष्ट सांगत आलों आहों : तें यंत्र बाजूस ठेवा आणि मैदानावर जा. हा उपदेश आम्ही मागें घेत नाहीं. परंतु ज्या मुलास मैदानावर धांवतांच येत नाहीं त्यास तो कोणत्या तोंडानें करावा, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्यापुढें उभा राहिला. त्याविषयींचें आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावें म्हणून हे चार शब्द.

आमच्या वर्गांत एक विद्यार्थी आहे. लहानपणापासून त्याचे दोन्ही पाय ताठ. कुबड्यांवांचून चालतां येत नाहीं. बुद्धि मात्र तल्लख, गणितांत तर पहिला-दुसरा. दर क्रीडादिनीं आम्ही त्यास खुर्ची देऊन त्याच्या हातीं वेळ मोजण्याचें घड्याळ देत असूं, आणि आपण मोठी दया केली असें समजत असूं. तो कधीं तक्रार करीत नसे. एके सोमवारीं मात्र तो हंसत हंसत टेबलाशीं आला व म्हणाला, "सर, काल मी धाकट्या बहिणीशीं हरलों!" हरल्याचा एवढा आनंद आम्हीं कोणाच्या मुखावर पाहिला नव्हता, आमच्या क्रिकेट-संघाच्या तर मुळींच नाहीं. चौकशीअंतीं कळलें कीं, त्याच्या मामांनीं एक जुनें व्हिडिओ गेमचें यंत्र आणून दिलें असून फिजिओथेरपिस्ट बाईंच्या सल्ल्यानें तो त्यावर खेळतो. हरण्यासाठीं आधीं खेळावें लागतें. आणि आम्हीं त्यास आजवर खेळूंच दिलें नव्हतें.

या विकारास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वाढत्या मेंदूस जन्मापूर्वीं, जन्मसमयीं किंवा जन्मानंतर लवकरच इजा होते, व तिच्यामुळें हालचालींवरील ताबा बिघडतो. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम लिट्ल यांनीं १८६१ सालीं यावर प्रसिद्ध निबंध वाचला. पुढें पुष्कळ वर्षें हा विकार त्यांच्याच नांवानें ओळखला जाई. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं, आणि मेंदूंतील मूळची इजा वाढतही जात नाहीं. अशा मुलाची बुद्धि मंदच असणार, हा समज तर साफ चुकीचा आहे.

तोल म्हणजे काय, याचा आपण धडधाकट माणसें कधीं विचार करीत नाहीं. उभे असतांना आपला भार क्षणोक्षणीं एका पायावरून दुसऱ्यावर, टाचेवरून चवड्यावर सरकत असतो, आणि मेंदू तो गुपचूप सांवरीत असतो. या मुलांस हें सांवरणें शिकावें लागतें, व शिकणें म्हणजे तीच हालचाल शेंकडों वेळां करणें. एका अंगास विकार असलेलें मूल बहुतेक भार बऱ्या पायावर टाकून उभें राहतें. "दुसऱ्या पायावर भार दे" असें दहा वेळां सांगितलें, तरी तो भार त्यास दिसत नाहीं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें २००७ सालीं आपल्या 'वी' नामक यंत्रासाठीं एक फळी काढली. तिच्या चार कोपऱ्यांस भार मोजणारीं साधनें आहेत. फळीवर उभें राहून मूल डावीकडे झुकलें कीं पडद्यावरचा बर्फाचा तुकडा डावीकडे कलतो, त्यावरचा पेंग्विन घसरत जातो व उडता मासा पकडतो. न दिसणारा भार असा डोळ्यांस दिसूं लागतो. मासा हवा असतो, म्हणून मूल आपण होऊन झुकतें, चुकतें, पुन्हां झुकतें. हजार वेळां सांगून जें होत नाहीं, तें एका माशापायीं होतें!

अमेरिकेंत ज्युडिथ डॉइच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं एका किशोरवयीन रुग्णास अकरा बैठकांत या यंत्रावर खेळवून जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांत शरीर सांवरण्याच्या शक्तींत सुधारणा दिसली. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. बरेचसे लहान आहेत व सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहींत. पण नेहमींच्या व्यायामास जोड म्हणून खेळ दिला असतां तोल सुधारल्याचें अनेकांत आढळलें. फळीवर मिळविलेला तोल जिन्यावर व रस्त्यावर कितपत टिकतो, ही शंका मात्र रास्त आहे.

म्हणून यंत्र आणलें कीं व्यायाम बंद, असें कोणीं समजूं नये. हे खेळ धडधाकट मुलांसाठीं रचलेले. त्यांची गति पुष्कळदां फार असते. शिवाय हुशार मूल पायावर भार न देतां नुसती कंबर वांकवून मासा पकडतें, आणि यंत्र त्यास गुण देतें. उत्तर बरोबर पण रीत चुकीची, अशा उदाहरणास आम्ही पूर्ण गुण देत नाहीं. यंत्रास ती दृष्टि नाहीं. ती फिजिओथेरपिस्टला असते. धरावयास कठडा हवा, जवळ मोठें माणूस हवें. आणि या मुलांपैकीं बऱ्याच जणांस अपस्माराचे झटके येत असल्यानें लुकलुकणाऱ्या पडद्याविषयीं डॉक्टरांस आधीं विचारावें. यंत्रासाठीं कोणीं कर्जही काढूं नये. मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'चें उत्पादन २०१७ सालींच थांबलें. आमच्या विद्यार्थ्याचें यंत्रही जुन्या बाजारांतलें. पालकांनीं यंत्राआधीं खेळ शोधावा. आपली लंगडी तरी तोलाचा खेळ नाहीं तर काय?

मुंबईंत मिठू अलूर यांनीं अशा मुलांसाठीं खास शाळा काढली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें तर मान्यताप्राप्त शाळांवर अशा मुलांस प्रवेश देण्याचेंच नव्हे, तर इतरांच्या बरोबरीनें खेळाची संधि देण्याचेंही बंधन घातलें आहे. कायदा होऊन इतकीं वर्षें झालीं, आणि आम्ही खुर्ची देत होतों.

येत्या क्रीडादिनीं भिंतीच्या कठड्यास एका हातानें धरून दुसऱ्या हातानें टोपलींत चेंडू टाकण्याची शर्यत ठेवावी, अशी सूचना त्यानेंच केली आहे. अंतर किती ठेवावें याविषयीं आमचे व्यायामशिक्षक व तो यांचा वाद चालू आहे. घड्याळ कोणाच्या हातीं द्यावें, हेंही अजून ठरावयाचें आहे.