आधी ऊन मोजा, मग कुंडी आणा

मे संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ग्रो बॅगच्या जाहिराती सुरू होतात. ‘घरच्या घरी विषमुक्त भाजी’ वगैरे. चौघांच्या घराला महिनाभर पुरेल एवढी भाजी गॅलरीत होते, असं कुणी सांगितलं तर खुशाल हसावं. मिरची, कोथिंबीर, अळू, अधूनमधून मेथीची जुडी, एवढं मात्र हक्कानं होतं.

बी, माती, कुंडी यांचा खर्च सगळे काढतात. उन्हाचा हिशेब कुणी मांडत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पुण्यात दक्षिणेच्या गॅलरीत दिवाळीनंतर ऊन पार हॉलच्या फरशीपर्यंत येतं आणि मेमध्ये कठड्यावरही टिकत नाही. कारण मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी पुण्याच्या बरोबर डोक्यावर असतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत उत्तरेला झुकलेला. म्हणजे दक्षिण गॅलरीचा हंगाम रब्बीचा. टोमॅटोची रोपं ऑक्टोबरात लावा. उत्तरेची गॅलरी असेल तर टोमॅटोचा नाद सोडा आणि वडीचं अळू लावा. सावलीत, ओलाव्यात ते असं माजतं की पानं शेजारी वाटावी लागतात.

दुसरा प्रश्न वजनाचा. रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात ओली माती भरली की तो तीस किलोच्या घरात जातो. असे दहा डबे कठड्याला लावण्याआधी विचार करा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं यावरची वाट कधीच दाखवून ठेवली आहे: माती थोडी, पालापाचोळा जास्त. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी तीन दिवस आंबवायचं, ते दहापट पाण्यात मिसळायचं, त्यात वाळका पाला भिजवायचा आणि मातीचा हलका थर देत रचायचा. याच वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलली.

वरच्या मजल्यांवर आणखी एक अडचण येते. वेल फुलतो, फळ धरत नाही. दोडक्याचंच बघा. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात आणि तेव्हा आठव्या मजल्यावर किडा-माशी फिरकेलच असं नाही. मग ते काम आपलं. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा दोडका असतो, शिरांसकट. नर फुलाला नुसता देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. दोन-चार दिवसांत मागचा दोडका फुगला तर जमलं, पिवळा पडून गळला तर गेला. घोसाळं मात्र सकाळी उमलतं, त्यामुळे दोन्ही वेल लावणाऱ्याला दोन पाळ्या कराव्या लागतात. (कबुतरांवर लिहायला बसलो तर जागा पुरणार नाही. जाळी लावा.)

आणि एक विनंती. तुमच्या सोसायटीत झाडलेली पानं अजून कोपऱ्यात जाळत असतील, तर उद्या सकाळी झाडणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती भरून घ्या. जूनच्या पहिल्या सरीनंतर वाळका पाला मिळत नाही.