आधी धंदा सांगा!

दिवाळीच्या रोषणाईतील पुष्कळशी वीज कोळशावर तयार होते, आणि तो कोळसा येतो उमरेडसारख्या भागांतून. उमरेडजवळ मकरधोकड्याला उघडी खाण आहे. वर मोकळे आकाश, मग धुळीचे भय कसले, असे आपल्याला वाटेल. पण सुरुंग, यंत्रे आणि ट्रकांची चाके धूळ उडवीतच असतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतांशी नाकाघशातच अडते. घात करते ती न दिसणारी, मिलिमीटरच्या २०० व्या भागाहूनही बारीक. ती थेट फुप्फुसांत उतरते, वर्षानुवर्षे साचते आणि तेथे व्रण धरतात. पुढे जिना चढतानाही धाप लागते. गेलेले फुप्फुस कोणतेही औषध परत देत नाही. म्हणून उपाय आधीच करायचा.

पहिला उपाय धूळ उठूच न देण्याचा : रस्त्यावर पाणी आणि खडकाला भोके पाडतानाही पाणी. त्यानंतर तोंडावर नीट बसणारा मास्क. नुसत्या रुमालाने बारीक धूळ थांबत नाही. शिवाय ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे, तोही प्रकृती ठणठणीत असतानाच.

हे खाणीपुरतेच नव्हे. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्यालाही पिठाने दमा जडू शकतो. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात सांगून ठेवले. वाचकहो, घरात कुणाचा खोकला रेंगाळला, तर डॉक्टरांच्या प्रश्नाची वाट पाहू नका. काम कोणते आणि किती वर्षे, हे आपण होऊनच सांगा.