भट्टीपुढील पंगत

आषाढाच्या अखेरीस पावसानें एकदां मुक्काम ठोकला, कीं घरांतील कपडे, काड्यापेट्या आणि माणसें हीं सर्व सारखींच सादळतात. अशा दिवशीं तिसऱ्या प्रहरीं स्वयंपाकघरांतून तूप, वेलदोडा आणि भाजत्या पिठाचा संमिश्र सुवास दरवळूं लागला, म्हणजे ज्याचा त्याचा उद्योग हातांतून गळून पडतो व सारें कुटुंब एका पेटीपुढें येऊन उभें राहतें. आमच्या घरीं ही पेटी विजेची आहे. तिला कांचेचें दार आहे. आणि त्या दारापुढें जमणाऱ्या मंडळींत दोन पायांचीं पांच व चार पायांचीं दोन, अशीं एकंदर सात माणसें असतात. ‘माणसें’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे; कारण मनी मांजरीस व मोत्या कुत्र्यास आमच्या घरांत अन्य कांहीं म्हटलेलें खपत नाहीं.

भट्टींत भाजलेले पदार्थ परकीय, आणि म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत उपरे, असा एक समज अद्यापि ऐकूं येतो. त्यास थोडा आधारही आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज दर्यावर्दी मंडळींबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. ‘नानकटाई’तील ‘नान’ फारसी आहे. आणि ती सुरतेस डच वखार होती त्या दिवसांतील बेकऱ्यांतून पुढें आली, अशी कथा सांगतात. परंतु आमच्या मातोश्रींचें बालपण रत्नागिरीकडील एका खेड्यांत गेलेलें. त्या हा समज ऐकून नुसत्या हंसतात. पावसाळ्यांत तवशीं पिकलीं कीं त्यांच्या घरीं तवसळी होई. किसलेलें तवसें, तांदळाचा रवा, गूळ, ओलें खोबरें आणि चवीपुरतें मीठ एकत्र करून तूप लावलेल्या पातेल्यांत ओतावयाचें, पातेलें मंद विस्तवावर ठेवावयाचें, आणि झांकणावर निखारे पसरावयाचे. खालून आंच आणि वरूनही आंच! याहून निराळें तुमची ती विजेची पेटी काय करते, असा त्यांचा प्रश्न असतो; आणि आम्हांस त्यावर आजवर उत्तर सुचलेलें नाहीं.

आमच्या स्वतःच्या लहानपणीं हा सोहळा घराबाहेर होत असे. उन्हाळ्याच्या सुटींत रवा, मैदा, पिठीसाखर व तूप डब्यांत भरून जवळच्या बेकरींत न्यावयाचें, आणि आपला पत्रा भट्टींतून बाहेर येईपर्यंत तेथल्या बांकावर बसून पहारा करावयाचा, हें काम घरांतील मुलांकडे असे. पहारा अशासाठीं, कीं आपल्या साजुक तुपाच्या नानकटाया दुसऱ्याच्या डब्यांत व दुसऱ्याच्या डालड्याच्या आपल्या डब्यांत जाऊं नयेत! पुढें पातेल्यांत वाळू तापवून तींत केकचें भांडें ठेवण्याची युक्ति आली. मग झांकणावर वाटोळी कांच असलेला ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. आणि आतां ही पेटी. साधनें पालटलीं, मात्र दाराशीं बसून वाट पाहणें पालटलें नाहीं, आणि आमच्या मतें निम्मी गोडी त्या वाट पाहण्यांतच आहे.

आज बाजारांत सर्व कांहीं तयार मिळत असतांना हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें, कीं दुकानदार सर्वांसाठीं भाजतो. कोणा एकासाठीं भाजणें त्यास परवडत नाहीं. घरची गृहिणी मात्र खाणाऱ्याचें तोंड डोळ्यांपुढें आणूनच पीठ मळावयास घेते. आमच्या मातोश्रींच्या स्मरणांत या विषयाची एक वहीच आहे. आम्हांस मधुमेहाची सुरुवात, म्हणून आमचा वाटा लहान. चिरंजीवांस जायफळ सोसत नाहीं, म्हणून त्यांच्या नानकटाईवर वेलदोडा. आमच्या सौभाग्यवतींस संकष्टी, म्हणून त्यांचा वाटा डब्यांत झांकून दुसऱ्या दिवसासाठीं. भट्टीचें शास्त्र तरी दुसरें काय आहे? तूप पिठाच्या कणांस वेढून बसतें, त्यामुळें पाण्याशीं गांठ पडून गव्हाच्या पिठांत जो चिवटपणा येतो तो येत नाहीं, आणि नानकटाई खुसखुशीत होते. ज्याला पिठाचा स्वभाव कळला त्याची नानकटाई साधली. खाणाऱ्याचा स्वभाव कळणें ही त्याच विद्येची पुढची इयत्ता होय.

या दुसऱ्या इयत्तेंत आम्ही सर्व एकदां नापास झालों. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं आमच्या चतुष्पाद पंक्तिभोजकांची ओळख करून देणें अवश्य आहे. मनी ही स्वभावानें विदुषी आहे. केकची आंच सुरू झाली कीं ती पेटीच्या उबेला पाठ लावून बसते व डोळे मिटते. ती गोडासाठीं बसली आहे, अशी आमच्या कन्येची दीर्घकाळ समजूत होती. वस्तुतः मांजराच्या जिभेस गोड ही चवच कळत नाहीं. ती ओळखावयास लागणारी एक जनुकीय घडण मांजरकुळांत निकामी झालेली आहे, असें संशोधकांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. मनीची भक्ति साखरेवर नसून लोण्यावर व उबेवर आहे. मोत्याची गोष्ट वेगळी. तो रस्त्यावरून आलेला गांवठी कुत्रा. त्याच्या शास्त्रांत ‘नको’ हा शब्द नाहीं. पोळीचा तुकडा, रबरी चप्पल, वर्तमानपत्र व चेंडू या सर्वांस तो सारख्याच आदरानें तोंडांत धरतो. पेटीचें दार उघडलें कीं त्याची शेपटी जवळच्या स्टुलावर चौघडा वाजवूं लागते.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या कन्येस दहा वर्षें पूर्ण झालीं. आईच्या देखरेखीखालीं तिनें प्रथमच स्वतःच्या हातानें केक केला आणि त्यांत मूठभर काळ्या मनुका घातल्या. केक फुगला, कापला गेला, आणि मातोश्री सहज म्हणाल्या, “अगो, पहिला घांस मोत्याला घाल. मुक्या जिवाला आधीं.” गोग्रास व काकबळी ज्या घरांत रोज निघत, त्या घरांत वाढलेल्या बाईच्या तोंडून दुसरें काय निघणार? कन्येनें तुकडा कापला. मग क्षणभर विचार करून आपल्या तुकड्यांतील मनुका एक एक वेंचून काढल्या व त्याही मोत्याच्या तुकड्यावर ठेवल्या. कारण केकांतील तिला सर्वांत प्रिय वस्तु तीच होती. मोत्यानें तें सर्व एका घासांत संपविलें, आणि आम्ही सर्वांनीं टाळ्या वाजविल्या.

तासाभरानें चिरंजीव बाहेरून आले. बहिणीनें मोठ्या अभिमानानें सांगितलेली हकीकत ऐकतांच त्यांचा चेहरा उतरला. “मनुका? किती घातल्यास?” त्या कोणींच मोजल्या नव्हत्या. द्राक्षें व मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरूं शकतात, हें त्यांनीं कोठें तरी वाचलेलें होतें. आम्हां वडीलधाऱ्यांपैकीं एकासही तें ठाऊक नव्हतें. रिक्षा बोलाविली. पशुवैद्यांनीं मोत्यास उलटी करविली, त्याच्या शिरेंत सलाइन लावलें, आणि दोन दिवस त्यास तेथेंच ठेवावें लागेल, मूत्रपिंडें बिघडलीं कीं नाहीं हें रक्त तपासूनच कळेल, असें सांगितलें.

ती रात्र आमच्या स्मरणांतून जाणार नाहीं. वाढदिवसाचें पान वाढलें गेलें, पण कोणी जेवलें नाहीं. मनी पेटीपुढें एकटीच बसून होती. कन्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. उशिरां मातोश्री तिच्या उशाशीं जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मनुका आजाऱ्याला भिजवून देतात गो. मला वाटलं, ज्याला त्याला त्या अमृतच. चूक माझी, तूं नुसतं ऐकलंस.” त्यावर अंधारांतून उत्तर आलें, “पण आजी, जास्तीच्या मीच घातल्या होत्या.” चौऱ्यायशीं वर्षांची आजी व दहा वर्षांची नात, दोघीही दोष एकमेकींच्या अंगावरून काढून आपल्या अंगावर ओढूं पाहत होत्या. आम्ही दाराआड उभे होतों. दोघींचा प्रेमांत तर कांहींच उणेपणा नव्हता, मग चुकलें तें काय, हा प्रश्न आमच्या मनांत त्याच वेळीं उभा राहिला.

तिसऱ्या दिवशीं रक्ताची दुसरी तपासणी समाधानकारक आली. मोत्या घरीं आला, आणि घरांत पाऊल टाकतांच थेट पेटीपाशीं जाऊन बसला. कन्या हंसत हंसत रडली. आम्हांस वाटतें, त्या रडण्यांत तिचा खरा वाढदिवस साजरा झाला.

यानंतर आम्हीं सर्वांनीं मिळून जें शिकून घेतलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों. किती मनुका खाल्ल्यानें कुत्र्यास अपाय होईल याचें निश्चित प्रमाण नाहीं; म्हणून ‘एकच तर दिली’ या हिशेबांत पडूं नये, व खाल्ल्याचें कळतांच लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्यांकडे न्यावें. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें याचें मूळ असावें, असें पशुवैद्य २०२१ पासून म्हणूं लागले आहेत. आणि तेंच आम्ल चिंचेंतही भरपूर असतें, तेव्हां चिंचगुळाच्या आमटीचा भातही मोत्यापुढें सरकवूं नये. चॉकलेटांतील एक द्रव्य कुत्र्याचें शरीर फार सावकाश बाहेर टाकतें, आणि चॉकलेट जितकें काळें व कडू तितका धोका अधिक. कांदा व लसूण यांनीं कुत्र्यांच्या व मांजरांच्याही रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. पावाचें यीस्ट घातलेलें कच्चें पीठ पोटांत गेल्यास तेथेंच फुगतें व मद्यार्क तयार करतें. बशीभर दूध हें मांजराचें पारंपरिक आतिथ्य. पण वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांस दुग्धशर्करा पचत नाहीं, म्हणून मनीची बशी आतां पाण्याची झाली आहे. या बदलाविषयीं तिनें आपली नापसंती बशी उलटी करून नोंदविली आहे.

मातोश्रींनीं आपल्या स्मरणांतील वही प्रथमच कागदावर उतरविली. फडताळाच्या आंतील बाजूस तो कागद चिकटविलेला आहे. आमचा मधुमेह, चिरंजीवांचें जायफळ, सौभाग्यवतींची संकष्टी यांच्याखालीं त्यांच्या कंपित अक्षरांत शेवटच्या दोन ओळी आहेत: ‘मनी: दूध नको. मोत्या: मनुका, द्राक्षें, चिंच, कांदा, लसूण, चॉकलेट नको.’ पंगतींत नांव आलें म्हणजे पथ्यही आलें. किंबहुना पथ्य लक्षांत ठेवणें हेंच पंगतींत घेणें होय.

कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन नामदेव धांवले, ही कथा आपण सर्वांनीं बाळपणीं ऐकलेली आहे. तींतील भूतदया आम्हांस पूर्वींही दिसत होती. आतां तींत आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांनीं हातीं लागेल तें त्या कुत्र्यापुढें टाकलें नाहीं. त्याची पोळी कोरडी आहे, ती त्याच्या घशांत अडकेल, हें त्यांनीं पाहिलें, आणि मग ते धांवले. आधीं पाहणें आणि मग देणें! आमच्या घरांत त्या दिवशीं देणें होतें, पाहणें राहून गेलें.

पुढें कित्येक दिवस कन्या पेटीकडे फिरकली नाहीं. अखेर मातोश्रींनींच तिला हातास धरून ओट्यापाशीं नेलें. दोन वाट्या ज्वारीचें पीठ, मूठभर कणीक, आणि शिजवून कुसकरलेला तांबडा भोपळा वाटीभर. मीठ नाहीं, साखर नाहीं. घट्ट गोळा मळून, शंकरपाळ्यांहून जरा जाड लाटून, चौकोन कापून १७० अंशांवर अर्धा तास, तीं कडक होईपर्यंत भाजावयाचीं. ज्वारीस स्वतःचा चिवटपणा नसल्यामुळें भोपळा व कणीक यांनींच तीं धरून राहतात. म्हणून तीं गरम असतांना उचलूं नयेत, मोडतात. कांचेच्या दारापुढें पुन्हां सातही माणसें जमलीं. थंड झालेलें पहिलें बिस्किट कन्येनें दोन्ही हातांनीं मोत्यापुढें धरलें.

मोत्यानें तें अदबीनें तोंडांत घेतलें, अंगणांत नेलें, तगरीच्या बुंध्याशीं खड्डा उकरून त्यांत पुरलें, आणि नाकानें माती सारखी करून तो दुसऱ्या बिस्किटासाठीं परत आला.

कन्येचे डोळे भरून आले. मातोश्री म्हणाल्या, “अगो, रुसतेस काय? तुझे आजोबाही पगार झाला कीं पहिल्यांदा पोस्टांत टाकून येत असत.”