लोणावळ्याचा ‘शोध’ लावणारे लाटसाहेब

पावसाळा लागला की आपल्या घरांत लोणावळ्याचा विषय निघतोच. भुशी धरणाच्या पायऱ्या, भाजलेली कणसं, परतताना चिक्की. यंदा आमच्या घरातली सातवीतली मुलगी शाळेच्या सहलीला जाऊन आली आणि तिने सहलीची वही आमच्यापुढे ठेवली. पहिलंच वाक्य होतं : 1871 साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लोणावळ्याचा शोध लावला. “सगळीकडे हेच दिलंय,” ती म्हणाली. ते मात्र खरं. पर्यटनाची माहिती देणारे एकमेकांचंच उतरवून घेतात.

अडचण एवढीच की 1871 साली एल्फिन्स्टन हयात नव्हते. या नावाचे दोन गव्हर्नर मुंबईला होऊन गेले. एक माउंटस्टुअर्ट, पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेले. ते लॉर्ड नव्हते आणि 1859 मध्ये वारले. दुसरे त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन. ते जुलै 1860 मध्ये गेले. 1871 मध्ये मुंबईच्या गादीवर तिसरेच साहेब होते, सर सीमूर फिट्झजेराल्ड.

आणि शोध कसला लावायचा? कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांची. लोहगड मलिक अहमदने, अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाने, 1489 मध्ये घेतला. 1779 मध्ये याच मावळात, वडगावला, मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरण आणलं. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्येच खुला झाला होता.

तरीही लॉर्ड जॉन यांचा या घाटाशी संबंध आहे, तो वेगळा. उमराव घराण्यात 1807 साली जन्मलेले हे गृहस्थ 1837 मध्ये, तिशीतच, मद्रासचे गव्हर्नर झाले. राजकन्या व्हिक्टोरियाचं मन त्यांच्यावर बसलं म्हणून त्यांना दूर धाडलं, अशी कुजबुज तेव्हा लंडनात होती. (लाटसाहेबांच्या घरीही असले विषय निघत!) 1853 च्या अखेरीस ते मुंबईला आले. त्यांच्याच काळात, 1856 मध्ये, बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. पंचवीस बोगदे काळ्या पाषाणातून सुरुंग लावून काढायचे होते. हजारो मजूर कामावर होते, पटकीने माणसं मरत होती. 1859 मध्ये मजुरी थकली तेव्हा मजुरांनी दंगा केला. घाट 1863 मध्ये खुला झाला, तो बार्टल फ्रियर यांच्या हस्ते. तोवर लॉर्डसाहेब कबरीत होते.

1857 मध्ये त्यांनी मुंबई इलाखा हातातून जाऊ दिला नाही, उलट आपल्याकडची फौज उत्तरेला पाठवली. इंग्रजांनी त्यांचं फार कौतुक केलं, 1859 मध्ये आणखी एक सरदारकी दिली. त्याच 1857 च्या 15 ऑक्टोबरला, आज जिथे आझाद मैदान आहे तिथे, दोन शिपायांना कटाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी दिलं गेलं. एकाचं नाव सय्यद हुसेन, दुसऱ्याचं मंगल गाडिया. दोघं वेगवेगळ्या पलटणींतले, पण आरोप एकच आणि मरणही एकत्रच.

दीड वर्षाने, 1859 मध्ये, हिंदी फौजेची फेररचना कशी करावी हा प्रश्न आला तेव्हा याच लॉर्डसाहेबांनी टिपण लिहिलं : फोडा आणि राज्य करा हे रोमनांचं जुनं सूत्र, तेच आपलंही असावं. मुद्दा पलटणींचा होता. निरनिराळ्या जातिधर्मांचे शिपाई पुन्हा एक होऊ नयेत, ही त्यामागची काळजी. सय्यद आणि मंगल यांचा धडा साहेबांनी बरोबर वाचला होता, असं आम्हाला वाटतं.

मुंबईत त्यांच्या नावाचं स्टेशन होतं, 2018 मध्ये त्याचं प्रभादेवी झालं. टिपणाची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

मुलीने वहीतलं पहिलं वाक्य खोडलं. “मग लोणावळा शोधला कुणी?” तिने विचारलं. दादी पान लावत होत्या. “हरवला कधी होता?” त्या म्हणाल्या. मुलगी हसली, पण पेन हातातच राहिलं. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांची नावं लोणावळ्याच्या सहलीच्या वहीत चालतील का, हे ती सोमवारी बाईंना विचारणार आहे.