किल्ली कुणाच्या कमरेला?

आपल्या बहुतेक संस्थांत संगणक येतो तो कुणातरी ओळखीच्या दादांच्या हातून. आमच्याकडेही तसाच आला. लिनक्स फुकट मिळते, व्हायरसचा त्रास कमी, म्हणून त्यांनी आपुलकीने उबुंटू बसवून दिले. पुढे ते गाव सोडून गेले तेव्हा लक्षात आले, यंत्राचा सर्वाधिकार त्यांच्याच नावावर होता. आम्ही त्यावर नुसत्या टाइप करणाऱ्या!

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. युनिक्सच्या कुळातल्या यंत्रांवर 'रूट' नावाचा सर्वाधिकारी असतो. रूट ज्याच्या हाती, त्याला प्रत्येकीची फाईल उघडता येते. मदत मागायला आलेल्या बाईची हकिगत, तिने आसरा घेतला त्या घराचा पत्ता, सगळे काही. घरच्या संगणकावर नवरा सर्वाधिकारी असेल, तर बायकोच्या वेगळ्या पासवर्डलाही फारसा अर्थ उरत नाही.

मग काय, एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवून सगळ्याजणींनी वापरायचा? ही लोकशाही नव्हे. कुणी काय केले हे मग कधीच कळत नाही. रोजचे कामही सर्वाधिकाराने करू नये. एक चुकीची आज्ञा, आणि सगळे पुसले जाते. यासाठीच १९८० च्या सुमारास 'सुडो' ही सोय निघाली. जिला अधिकार दिला आहे तिने स्वतःचा पासवर्ड देऊन तेवढ्या कामापुरता तो वापरायचा. कुणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली, याची नोंद राहते. उबुंटूने तर २००४ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचे थेट खाते बंदच ठेवले.

हा अधिकार दोघींकडे असावा. एकीकडेच असला तर तिच्या आजारपणात काम अडते. दहाजणींकडे असला तर जबाबदारी कुणाचीच नाही. संस्था सोडणाऱ्याचे नाव 'सुडो'च्या गटातून त्याच दिवशी काढावे, माणूस कितीही भला असो. सर्वाधिकारी नोंदीही पुसू शकतो, हे विसरू नये. आणि यंत्रच कुणी उचलून नेले तर? म्हणून डिस्कला एन्क्रिप्शनचे कुलूप हवेच.

"आम्हांला त्यातले कळत नाही," असे आपण कधीकाळी बँकेच्या पासबुकाबद्दलही म्हणत होतो. ते शिकलो. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून भांडलो. आता आपल्या संगणकावरची ही छोटी यादीही एकदा उघडून वाचू या. तीत नाव कुणाचे आहे?