अनधिकृत, परंतु अस्सल

हेवी मेटल संगीताच्या मैफली श्रोत्यांनी आपल्या हातांनी मुद्रित कराव्यात, त्या फितींची आपसांत देवाणघेवाण करावी आणि वर्षानुवर्षे त्यांचा संग्रह वाढवावा, या छंदाला 'चोरी' असे सरसकट नाव देण्याची रूढी पडली आहे. कंपनीने छापून विकले ते खरे, श्रोत्याने टिपून ठेवले ते खोटे आणि चोरटे, असा हा सोपा हिशेब. हा हिशेब मांडणाऱ्यांनी एकदा त्या संगीताचा इतिहास उघडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे. कारण तेथे खऱ्याखोट्याची वाटणी अगदी उलट झालेली दिसते.

मेटॅलिका या अमेरिकन बँडचे उदाहरण घेऊ. 1984 साली ब्रिटनमध्ये त्यांची 'जंप इन द फायर' ही छोटी तबकडी निघाली. तिच्या मागल्या बाजूस दोन गाणी 'मैफलीतील' म्हणून छापली होती. प्रत्यक्षात ती स्टुडिओत वाजविलेली असून त्यांवर श्रोत्यांचा गलका मागाहून चढविलेला होता! ही झाली अधिकृत वस्तू. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील एखादा पोरगा कोटाच्या आत टेपरेकॉर्डर दडवून सभागृहात उभा राहत होता व जे घडले ते घडले तसे टिपत होता. त्याच्या फितीत खरखर आहे, बाजूच्या माणसाचे ओरडणे आहे, आवाजाच्या दणक्याने ध्वनिग्राहक गुदमरल्याच्या खुणा आहेत, आणि पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेट उलटताना एका गाण्याचे दोन तुकडे झालेले आहेत. तरीही या दोहोंपैकी मैफल कोणती, हे सांगावयास संगीतशास्त्री लागत नाही.

हा एकच अपवाद म्हणावा तर तेही नाही. ज्युडास प्रीस्ट या इंग्लिश बँडची 1979 सालची 'अनलीश्ड इन द ईस्ट' ही जपानमधील मैफलींची तबकडी नावाजलेली आहे. तीतील गायन आपण मागाहून स्टुडिओत पुन्हा केले, हे गायक रॉब हॅलफर्ड यांनी स्वतःच सांगितले आहे. दुरुस्ती करू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुरुस्त केलेली प्रत हाच पुरावा, आणि मूळ प्रत मात्र गुन्हा, हे कोणत्या न्यायाने?

पुढे क्लिफ बर्टनकडे वळू. हा बेसवादक मेटॅलिकाबरोबर पुरती चार वर्षेही नव्हता. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला, तेव्हा त्याचे वय चोवीस वर्षांचे होते. त्याच्या हयातीत बँडची मैफलीची एकही अधिकृत तबकडी निघाली नव्हती. बेस गिटारसारखे मागे राहणारे वाद्य पुढे घेऊन तो रंगमंचावर एकटा जे वाजवी, ते दर रात्री थोडे वेगळे असे; ते स्टुडिओच्या मुद्रणात मावण्याजोगे नव्हतेच. मग 1987 साली त्याच्या स्मरणार्थ बँडने 'क्लिफ एम ऑल' ही चित्रफीत काढली, तेव्हा सामग्री कोठून आणली? मुख्यतः श्रोत्यांनी चोरून घेतलेल्या चित्रणांतून. त्याची शेवटची मैफल आदल्याच रात्री, 26 सप्टेंबरला, स्टॉकहोम येथे झाली होती. तिचे मुद्रण संग्राहकांमध्ये कित्येक वर्षे हातोहात फिरत होते. 2017 साली 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या नव्या, भल्यामोठ्या आवृत्तीत त्या मैफलीची कॅसेट बँडने स्वतः घातली. एकतीस वर्षे ज्यांनी ती स्मृती जागती ठेवली, त्यांना चोर म्हणावयाचे असेल तर राखणदार कोणाला म्हणावे?

किंबहुना या बँडचा जन्मच फितींच्या देवाणघेवाणीतून झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ढोलवादक लार्स उलरिक हा मूळचा डेन्मार्कचा; ब्रिटनमधील नव्या हेवी मेटल बँडांच्या तबकड्या गोळा करण्याचे त्याला वेडच होते. 1982 साली त्यांनी सात गाण्यांची 'नो लाइफ टिल लेदर' ही नमुन्याची कॅसेट केली. कोणत्याही कंपनीने ती विकली नाही. ती टपालाने, एका प्रतीवरून दुसरी अशी, देशोदेशी गेली. अशीच एक फीत न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात तबकड्यांचे दुकान मांडून बसलेल्या जॉनी झझूलाच्या कानी पडली. त्याने या पोरांना पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतले, आणि दुसरी कोणतीही कंपनी पुढे येईना म्हणून स्वतःची कंपनी काढून 1983 साली त्यांची पहिली तबकडी 'किल एम ऑल' प्रसिद्ध केली.

आता आक्षेपकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. कलावंताची इच्छा नसेल तर? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही, आणि गोमंतकीय वाचकाला तर तो टाळताच येणार नाही. केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाचे वावडे होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आणि त्याच केसरबाईंचा स्वर 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात धाडला गेला. नियतीला विनोदाची आवड असावी. असो. कलावंताने स्पष्ट 'नाही' म्हटले तर ते 'नाही' मानले पाहिजे, असे आमचे मत आहे. आपल्या 1957 च्या कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन कलम 38 अन्वये सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क मिळाला. त्याच वेळी, मुद्रण करणाऱ्याच्या खाजगी उपयोगासाठी किंवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग ठरत नाही, असे कलम 39 मध्ये नमूद झाले. देवाणघेवाणीला एवढी सवलत पुरत नाही, तेथे संमती हवी, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु मेटॅलिकाने ती संमती दिली होती! 1990 च्या दशकात त्यांनी मैफली मुद्रित करू दिल्या, मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाही राखली. 2000 साली याच बँडने नॅपस्टरवर खटला भरला, तेव्हा 'फितींवर मोठे झाले आणि आता फितींवर उठले' अशी हाकाटी झाली. ती अन्यायाची होती. त्यांची तक्रार स्टुडिओत कष्टाने केलेल्या व विक्रीस असलेल्या गाण्यांविषयी होती. एका रात्रीच्या मैफलीची आठवण मित्राला फुकट देणे ही वस्तूच निराळी. हा भेद बँडला कळला होता. टीकाकारांना तो कळू नये, हे नवल.

मग चोर कोणीच नाही काय? आहे, विकणारा तो चोर. 1990 च्या दशकाच्या आरंभी इटलीत कायद्यातील फटींचा लाभ घेऊन अशा मुद्रणांच्या चकचकीत सीडी निघाल्या आणि जगभर दामदुप्पट भावाने खपल्या. ना बँडला छदाम, ना मुद्रण करणाऱ्याला. वर पुष्कळदा तारीख चुकीची आणि गावाचे नाव भलतेच. अमेरिकेत 1994 साली या प्रकाराविरुद्ध जे फौजदारी कलम आले, त्यातही आर्थिक लाभाचा हेतू ही अट आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही छांदिष्ट आणि व्यापारी यांतले अंतर दिसले.

पण आमचा खरा राग त्याच्यावरही नाही. विक्रेता निदान वस्तू बाहेर तरी काढतो. राग आहे तो कपाटाला कुलूप घालून बसणाऱ्या संग्राहकावर. याच्यापाशी एखाद्या रात्रीची मूळ फीत असते. 'तुमच्याकडे याच तोलाचे काही असेल तरच बोला' असे तो गुरकावतो, आणि तोलाचे काही कोणापाशीच नसते, कारण तसे नसावे हाच त्याचा आनंद. बडे गवई आणि त्यांच्या मैफली ट्रंकांत कोंडून ठेवणारे रसिक आपल्या ओळखीचे आहेत. हेवी मेटलचा हा संग्राहक त्यांचाच सख्खा भाऊ. चुंबकीय फितीचा स्वभाव त्याला माहीत नाही असे नाही. कॅसेटवरून कॅसेट केली की प्रत्येक पिढीत खरखर वाढते, वेग किंचित ढळतो, वरचे स्वर मावळतात. म्हणून पाचव्या-सहाव्या पिढीची प्रत ऐकणाऱ्याला झांजांऐवजी नुसती वाफ ऐकू येते. मूळ प्रत ज्याच्या हाती, तोच हे थांबवू शकतो. योग्य यंत्रावर, हेडचा कोन त्या फितीशी जुळवून, एकदाच संगणकात उतरून घ्यावी. आवाजाचा अंश न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावी. यंत्र कोणते, पिढी कितवी, तारीख कोणती हे सोबत लिहावे. आणि 'सुधारणा' करण्याचा मोह आवरावा. खरखर काढण्याच्या नादात पुष्कळांनी संगीतही काढून टाकले आहे. एकदा एमपी3 करून मूळ टाकून दिले की गेलेले परत येत नाही.

2004 पासून मेटॅलिका आपल्या प्रत्येक मैफलीचे स्वच्छ मुद्रण स्वतः विकते. त्यामुळे अलीकडच्या मैफलींपुरती संग्राहकाची गरज कमी झाली, हे मान्य. पण 1982 ते 1986 या वर्षांसाठी कोणतीही कंपनी मागे जाऊन यंत्र लावू शकणार नाही. जे आहे ते त्या कॅसेटींवरच. आणि 1983 साली विशीत असलेला तो पोरगा आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यांत ठेवलेल्या फितींवर पेन्सिलीने तारीख आणि गाव एवढेच लिहिलेले असते, आणि ते कशाचे आहे हे ओळखणारा दुसरा माणूस त्या घरात असतोच असे नाही.