विश्लेषण : जुन्या इंजिनाचे टेबल घड्याळ, पिस्टन चालेल, क्लच प्लेट नको!

मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. कुर्ल्यात बनलेली ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, तरी अशा गाड्यांचा एखादा पिस्टन घड्याळ होऊन टेबलावर ठेवण्याची हौस वाढते आहे. बोनकोडेत हे जमवणे अवघड नाही. आसपास गॅरेज आहेत, भंगारवाले आहेत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे टीटीसी औद्योगिक पट्टा, म्हणजे लेथ चालवणारे हातही आहेत. हौस चांगलीच आहे. तिला ‘पर्यावरणपूरक’ म्हणून मिरवण्याआधी मात्र थोडे थांबायला हवे.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि भंगारात तो वाया जात नाही, वितळून पुन्हा वापरात येतो. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत त्यासाठी जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. म्हणजे पिस्टन टेबलावर ठेवून कोणी पृथ्वी वाचवत नाही. वडिलांच्या गाडीची आठवण म्हणून ठेवला, एवढे कारण पुरेसे आहे.

घड्याळ बसते कसे?

बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा पिस्टन ६८ मिलिमीटरचा, मारुती ८०० चा ६८.५. बाजारात मिळणारे भिंतीच्या घड्याळाचे मशीन साधारण ५६ मिलिमीटर चौरस असते, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळपास ७९. ते पिस्टनच्या पोटात मावणारच नाही. त्यामुळे बटण सेलवर चालणारे तयार छोटे घड्याळ आणून, त्याच्या मापाचे भोक लेथवर करून घ्यावे. हँड ड्रिलने घरी करायला गेले तर पिस्टन निसटतो, बोटावर बेतते. मोठेच मशीन वापरायचे असेल तर ट्रकचा पिस्टन शोधावा किंवा टायमिंगचे दातेरी चाक तबकडी म्हणून घेऊन मशीन मागे लावावे. हे चाक शोभतेही. इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, घड्याळात मिनिटकाट्याच्या १२ फेऱ्यांत तासकाट्याची एक. दोन्हीकडे हिशेब दात्यांचाच.

धोका कुठे आहे?

घासण्यात. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. त्याआधी चाललेल्या इंजिनाच्या काळ्या थरात शिसे असू शकते. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ थेट छातीत जाते. म्हणून भाग ओला ठेवून घासावा, मास्क लावावा, पोरांना जवळ येऊ देऊ नये.

क्लच प्लेटचे घड्याळ दिसायला झकास, पण जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. नुसते पाहून ते ओळखता येत नाही आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगाचा धोका असतो. एका शोभेच्या वस्तूसाठी ही जोखीम घेण्यात काही शहाणपण नाही. ब्रेक लायनरचेही तसेच.

धुतलेले तेल जाते कुठे?

खरा प्रश्न हा आहे. पिस्टन रॉकेल-डिझेलने धुतला की काळे पाणी गटारात ओतणे, ही सगळ्यात सोपी वाट. पण बोनकोडे-कोपरखैरणेचे नाले खाडीला मिळतात. त्याच ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. एका घड्याळाचे अर्धा लिटर फार वाटणार नाही, पण गल्लीतल्या गॅरेजला बोल लावायचा आणि आपण मोरीत ओतायचे, हे बरोबर नाही. ते डब्यात भरून, वापरलेले ऑइल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे.

भाग घ्यायचा कुठून?

ओळखीच्या गॅरेजमधून, इंजिनकाम करताना बदललेला. अनोळखी ठिकाणी स्वस्त मिळाला तरी बिल मागावेच. घरची गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची असेल आणि तिचाच पिस्टन हवा असेल, तर केंद्राशी आधी बोलून घ्यावे. आणि लेथवाल्याशी घासाघीस नको. भोक पाडायला त्याला दहा मिनिटे लागतात, पण ते मधोमध पडते ते त्याच्या वीस वर्षांच्या हातामुळे.